हेगेल आणि ‘जुनं ते सोनं’

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. एम.ए.साठी वाचताना तुला एका पुस्तकात हेगेल हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जर्मन तत्त्वज्ञ प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाचा भाट म्हणून भेटला, दुसऱ्यात मार्क्सचा गुरू म्हणून, तत्त्वज्ञ कार्ल पॉपरकडे तो हुकूमशाहीचा पूर्वज आहे आणि आता कुठल्यातरी लेखात वाचलंस की आजच्या कॉन्झर्व्हेटिव्ह विचाराला सगळ्यात भक्कम पाया हेगेलनेच दिलाय. मग यातलं खरं कुठलं, आणि हेगेलचं कॉन्झर्व्हेटिव्ह वाचन प्रामाणिकपणे करता येतं का, असं तुला विचारायचंय. मी हेगेलचं ‘फिलॉसॉफी ऑफ राइट’ हे एकच पुस्तक सव्वीस वर्षं वर्गात पॅराग्राफ बाय पॅराग्राफ वाचत आलेय, त्यामुळे माझं मत ठाम आहे, आणि ते असं: कॉन्झर्व्हेटिव्ह वाचन करता येतं, चांगलं करता येतं, पण त्याची एक किंमत आहे आणि ती किंमत बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांना द्यायची नसते.

आधी शब्दाचा गोंधळ. आपण मराठीत सरसकट ‘पुराणमतवादी’ लिहून मोकळे होतो, पण त्या शब्दाला सोवळ्याओवळ्याचा वास आहे, तो सनातनी माणसासाठी ठीक आहे. युरोपातला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे साधारण असं म्हणणारा माणूस की समाज ही कोऱ्या पाटीवर आखायची गोष्ट नाही, कुटुंब, कायदा, मालमत्ता, धर्म, राज्य या संस्था आपल्या आधीपासून आहेत, आपण त्यांच्यात वाढतो, आणि त्या उचकटून काढल्या तर स्वातंत्र्य वाढत नाही, उलट माणूस उघडा पडतो. हे एक. आणि जे आहे ते देवाने ठरवलंय, बलवानाने राज्य करावं, दुबळ्याने ऐकावं, कायदे लिहून ठेवायचीही गरज नाही, असं म्हणणारा रिॲक्शनरी हा वेगळा प्राणी. हेगेलच्या काळात बर्लिनमध्ये दोन्ही प्रकार होते, आणि दुसऱ्या प्रकाराशी त्याचं उघड वैर होतं. हा फरक धरून ठेव, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता तो भाटगिरीचा आरोप. तो बघायचा तर तारखा बघाव्याच लागतात. हेगेल १८१८ मध्ये बर्लिनला आला, त्याला बोलावणारा मंत्री आल्टेनश्टाइन हा सुधारणावाद्यांच्या फळीतला. राजाने म्हणजे तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने मे १८१५ मध्ये जनतेला प्रातिनिधिक व्यवस्थेचं वचन दिलेलं होतं, त्यामुळे तेव्हा बर्लिनला जाणं म्हणजे ज्या देशात संविधान यायच्या बेतात आहे तिथे जाणं होतं. मग २३ मार्च १८१९ ला कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्याने मानहाइममध्ये नाटककार कोत्झेबूला भोसकून मारलं, ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख याला निमित्त मिळालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कार्ल्सबादची फर्मानं निघाली: छापण्यावर सेन्सॉर, विद्यापीठांवर नजर, विद्यार्थी संघटनांवर बंदी. झांडच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं म्हणून बर्लिनमधला धर्मशास्त्राचा प्राध्यापक डे वेट्टे नोकरीवरून गेला. हेगेलच्या जवळची मुलं पकडली जात होती, गुस्ताव आस्वेरुस या विद्यार्थ्यासाठी त्याने सरकारदरबारी शब्दही टाकला. आणि नेमकं याच वेळी त्याचं पुस्तक छापायला जाणार होतं. ते त्याने थांबवलं, त्यावर परत हात फिरवला, जून १८२० मध्ये प्रस्तावना लिहिली आणि वर्षाच्या शेवटी पुस्तक आलं, मुखपृष्ठावर मात्र १८२१ आहे.

त्या प्रस्तावनेतच ते प्रसिद्ध वाक्य आहे, जे विवेकी आहे ते वास्तव आहे आणि जे वास्तव आहे ते विवेकी आहे. आणि त्याच प्रस्तावनेत त्याने फ्रीस या तत्त्वज्ञावर नाव घेऊन तुटून पडणारा मजकूर लिहिलाय. फ्रीसने १८१७ च्या वार्टबुर्गच्या विद्यार्थी मेळाव्यात भाषण केलेलं आणि तो आधीच सरकारच्या रागावर होता, म्हणजे पडलेल्या माणसाला लाथ मारल्यासारखं ते दिसतं, मलाही आवडत नाही ते. १८५७ मध्ये रुडोल्फ हाइम या लिबरल लेखकाने हे दोन्ही जोडून आरोपपत्र तयार केलं की ही प्रस्तावना म्हणजे कार्ल्सबादच्या पोलिसी व्यवस्थेला दिलेलं तात्त्विक सर्टिफिकेट, आणि तिथून ते सगळीकडे गेलं, पॉपरच्या १९४५ च्या पुस्तकापर्यंत. गंमत बघ, ‘हेगेल कॉन्झर्व्हेटिव्ह’ हे वाचन एवढं पसरवलं ते कॉन्झर्व्हेटिव्हांनी नाही, त्याच्या लिबरल टीकाकारांनी.

पण फ्रीस कोण होता तेही बघायला हवं ना. १८१६ मध्ये त्याने ज्यूंच्या विरोधात एक अत्यंत विषारी पुस्तिका लिहिलेली होती, आणि त्याचा ‘लोकशाही’ उत्साह भावनेवर आणि जर्मन रक्तावर चाललेला होता. उलट हेगेल त्याच पुस्तकात परिच्छेद २०९ मध्ये लिहितो की माणसाला मोल आहे ते तो माणूस आहे म्हणून, तो ज्यू, कॅथलिक, प्रोटेस्टंट, जर्मन किंवा इटालियन आहे म्हणून नाही, आणि २७० च्या टिपेत ज्यूंना नागरी हक्क द्यावेत असं स्पष्ट म्हणतो. विद्यार्थ्यांनी वार्टबुर्गला जी पुस्तकं जाळली त्यात कार्ल लुडविग फोन हालरचं पुस्तकही होतं, हा म्हणजे रिॲक्शनरींचा मुख्य पंडित, बलवानाची सत्ता हीच ईश्वरी व्यवस्था असं सांगणारा. आणि हेगेल परिच्छेद २५८ च्या लांबलचक फूटनोटमध्ये या हालरला अक्षरशः सोलून काढतो, की हा माणूस कायद्याचाच द्वेष करतो म्हणून. हालर तेव्हा युवराजाच्या गोटातला लाडका लेखक होता. भाट असता तर दरबाराच्या लाडक्याला असं धुतलं असतं का? एकाच पुस्तकात फ्रीसही आणि हालरही, दोघांशी एकदम भांडणाऱ्या माणसाला खिशात टाकणं कुणालाच सोपं नसतं.

शिवाय पुस्तकातलं राज्य आणि बाहेरचं प्रशिया शेजारी ठेवून बघ. पुस्तकात दोन सभागृहांची सभा आहे, तिच्या चर्चा लोकांसमोर व्हाव्यात असं आहे, उघडी न्यायालयं आणि ज्युरी आहेत, राजा आहे पण त्याचं काम, विद्यार्थ्यांच्या वह्यांतून पुढे जोडलेल्या मजकुराप्रमाणे, नीट चाललेल्या राज्यात ‘हो’ म्हणून सही करण्यापुरतं, म्हणजे अक्षरावर टिंब देण्यापुरतं. १८२० च्या प्रशियात देशपातळीवरची सभाच नव्हती, ती १८४७ मध्ये कशीबशी भरली, आणि ज्युरी फक्त ऱ्हाइनलँडमध्ये, तेही फ्रेंचांनी मागे ठेवलेले. मग हे वर्णन कशाचं? जे नाहीये त्याचं वर्णन करून कुणी आहे त्याची आरती ओवाळत नाही.

आणि ते वाक्य. जर्मनमध्ये ‘विर्कलिश’ म्हणजे नुसतं अस्तित्वात असलेलं नाही, ज्यातून त्या गोष्टीचं आतलं तत्त्व खरोखर काम करतंय ते. हेगेलने स्वतः १८२७ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया’च्या नव्या आवृत्तीत खुलासा केला की आजूबाजूला जसं असायला हवं तसं नसलेलं पुष्कळ काही असतं, ते दिसत नाही एवढं बुद्धू कोण आहे. आपल्याकडे बाप बापासारखा वागला नाही की आजी म्हणते, ‘हा कसला बाप!’, तेव्हा ती त्याचं अस्तित्व नाकारत नसते. तसं आहे ते. पुढे १९८३ मध्ये १८१९-२० च्या त्याच्या व्याख्यानांच्या विद्यार्थ्याने उतरवलेल्या नोट्स छापल्या गेल्या, त्यात तेच वाक्य असं येतं की जे विवेकी आहे ते वास्तव होतं आणि जे वास्तव आहे ते विवेकी होतं. ‘होतं’ म्हणजे बनतं, घडत जातं. काही अभ्यासकांचं, विशेषतः इल्टिंगचं, म्हणणं असं की छापील पुस्तकात हेगेल सेन्सॉरला घाबरून मऊ झाला, खरा हेगेल व्याख्यानात आहे. मला ते अर्धंच पटतं. सूर बदललाय हे खरं, पण पुस्तकाचा सांगाडा दोन्हीकडे तोच आहे, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह वाचनाचा जो खरा ऐवज आहे तो सांगाड्यातच आहे, सुरात नाही.

तर तो ऐवज काय?

हेगेलच्या आधीच्या पिढीतल्या कांट या जर्मन तत्त्वज्ञापासून सुरू करावं लागेल, थोडक्यात. कांट म्हणतो स्वतंत्र असणं म्हणजे स्वतःच्या विवेकाने स्वतःला नियम घालून देणं. ठीक. पण कुठला नियम? हेगेलचं म्हणणं की एकट्या माणसाच्या मनात बसून हा नियम कोरडाच राहतो, खोटं बोलू नये, वचन पाळावं, हे सगळं खरं पण ‘वचन’ म्हणजे काय, मालमत्ता म्हणजे काय, नवरा-बायको म्हणजे काय, हे मला माझ्या मनातून मिळत नाही, ते मी ज्या जगात जन्मले तिथल्या रीतीतून मिळतं. त्याने दोन शब्द वेगळे केले, एक ‘मोरालिटेट’, म्हणजे सद्सद्विवेकाची, मनातली नीती, आणि दुसरा ‘झिट्लिशकाइट’, ज्याच्या पोटात ‘झिटं’ म्हणजे रीत हा शब्द आहे. मी वर्गात याला ‘रीतीतली नीती’ म्हणते. कुटुंब, नागरी समाज म्हणजे बाजार-धंदा-कोर्ट-पेशाच्या संघटना, आणि राज्य, हे तिचे तीन मजले. स्वातंत्र्य या तीन मजल्यांच्या घरात राहतं, घराबाहेर नाही. परिच्छेद १५३ मध्ये तो एक जुनी गोष्ट सांगतो, एका बापाने विचारलं मुलाला चांगलं वळण कसं लावू, तर एका पायथागोरसपंथी माणसाने उत्तर दिलं, त्याला चांगले कायदे असलेल्या राज्याचा नागरिक कर. वर्गात हा परिच्छेद आला की मी थांबते, कारण आख्खं कॉन्झर्व्हेटिव्ह वाचन या एका उत्तरातून उलगडता येतं.

लग्नाचं उदाहरण त्याहून चांगलं. कांटने लग्नाला एक प्रकारचा करार म्हटलं, हेगेलला ते लाजिरवाणं वाटलं. परिच्छेद १६३ मध्ये तो म्हणतो की लग्न सुरू होतं करारासारखं पण ते कराराची पातळी ओलांडण्यासाठीच, कारण करारात दोन माणसं वेगळी राहून देवघेव करतात आणि लग्नात ती एक घर होतात. आता हेच राज्याला लाव. राज्य म्हणजे आपण सगळ्यांनी सह्या करून काढलेली सोसायटी, असा सामाजिक कराराचा सिद्धांत हेगेलला मान्य नाही, कारण ज्यातून मी बाहेर पडू शकते अशा गोष्टीशी करार होतो, ज्याने मला ‘मी’ बनवलं त्याच्याशी कसला करार? रॉजर स्क्रूटन या इंग्रज कॉन्झर्व्हेटिव्ह तत्त्वज्ञाने १९८० च्या ‘द मीनिंग ऑफ कन्झर्व्हेटिझम’मध्ये हाच धागा उचलला, की निष्ठा आधी, करार नंतर, मुलाचं आईबापाशी जे नातं असतं त्याच जातीचं नागरिकाचं राज्याशी. ते वाचताना स्क्रूटनच्या राजकारणाशी तुझं जमो न जमो, पण हेगेलमधून त्याने काढलंय ते हेगेलमध्ये खरंच आहे. तसंच इंग्रज तत्त्वज्ञ ब्रॅडलीचं. १८७६ च्या ‘एथिकल स्टडीज’मध्ये त्याचं ‘माझी जागा आणि तिची कर्तव्यं’ अशा अर्थाचं प्रकरण आहे, त्यात तो सांगतो की आपल्या जागेपासून तोडलेला ‘व्यक्ती’ नावाचा प्राणी ही कल्पनाच आहे.

आणि इथेच आपल्याकडच्या मुलांचा हात वर होतो. दरवर्षी. ‘मॅडम, म्हणजे हा स्वधर्मच झाला ना?’ प्रश्न अगदी रास्त आहे, गीतारहस्यात टिळकांनी इंग्रज तत्त्वज्ञ ग्रीनला आणि कांटला उगाच बोलावलेलं नाही, त्यांनाही ही ओळख पटलेली होती. पण हेगेलकडे याचं थेट उत्तर आहे, आणि ते पाठच करून ठेव. परिच्छेद २०६. तिथे तो म्हणतो की माणूस कुठल्या वर्गात, कुठल्या पेशात जाणार हे ठरवताना स्वभाव, जन्म, परिस्थिती यांचा वाटा असतो पण शेवटचा शब्द त्या माणसाच्या स्वतःच्या निवडीचा असला पाहिजे, आणि जिथे हे नाही तिथली दोन उदाहरणं तो देतो: प्लेटोचं राज्य, जिथे राज्यकर्ते वाटणी करतात, आणि भारतातली जातिव्यवस्था, जिथे नुसता जन्म ठरवतो. म्हणजे जागा असली पाहिजे, पण तिच्यात मी माझ्या पायाने चालत गेले असले पाहिजे. आधुनिक जगाचा हक्क तो यालाच म्हणतो, परिच्छेद १२४ मध्ये तर प्राचीन आणि आधुनिक काळ यांच्यातला फरकच हा, असं लिहितो. त्यामुळे कुणी हेगेलला हाताशी धरून वर्णव्यवस्थेचं तात्त्विक समर्थन करायला निघालं तर त्याला फक्त २०६ उघडून दाखव, बाकी वाद घालायची गरज नाही.

आता ती किंमत, जी मी सुरुवातीला म्हणाले.

ब्रिटिश कॉन्झर्व्हेटिव्ह विचारवंत बर्क घे. १७९० मध्ये त्याने फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिलं, १७९३ मध्ये गेन्त्सने त्याचं जर्मन भाषांतर केलं. हा गेन्त्स म्हणजे कोनिग्सबर्गला कांटकडे शिकलेला मुलगा, जो पुढे मेटर्निखचा उजवा हात झाला आणि कार्ल्सबादच्या कारभारातही होता, जर्मन चिद्वादातून (आयडियलिझममधून) उजवीकडे जाणारी वाट एका माणसाच्या आयुष्यात बघायची तर त्याच्याकडे बघ. बर्कचा मुद्दा की जी संस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली तिच्यात एकट्या माणसाच्या बुद्धीपेक्षा जास्त शहाणपण साठलेलं असतं, त्यामुळे जुनेपणा हाच तिच्या बाजूचा पुरावा. आपलं ‘जुनं ते सोनं’. हेगेल हे मान्य करत नाही. परिच्छेद ३ च्या टिपेत तो गुस्ताव हुगो या कायदेपंडिताला धरतो, ज्याने रोमन कायद्याच्या एकेका क्रूर तरतुदीचं ‘त्या काळात ते योग्यच होतं’ असं स्पष्टीकरण दिलेलं, आणि म्हणतो की एखादी गोष्ट कशी आली हे सांगणं म्हणजे ती न्याय्य आहे हे दाखवणं नव्हे. उलट, ज्या परिस्थितीत ती आली ती परिस्थितीच गेली असेल तर तुमच्या स्पष्टीकरणाने तुम्ही तिचा हक्क संपवलात. एखादा मठ जंगल साफ करायला, लोकांना शिकवायला उभा राहिला असेल आणि ते काम आता संपलं असेल, तर त्याच युक्तिवादाने तो मठ आता फाजील ठरतो.

साविन्यी या कायदेपंडिताशी भांडणही तेच. १८१४ मध्ये साविन्यीने लिहिलं की कायदा लोकांच्या चालीरीतींतून भाषेसारखा हळूहळू उगवतो, आपल्या काळाने बसून संहिता लिहायची घाई करू नये. यापेक्षा शुद्ध कॉन्झर्व्हेटिव्ह मत सापडणार नाही. आणि हेगेल परिच्छेद २११ मध्ये, साविन्यी त्याच विद्यापीठात सहकारी असताना, लिहितो की एखाद्या सुसंस्कृत राष्ट्राला किंवा त्याच्या कायदेपंडितांना संहिता लिहिण्याची कुवतच नाही म्हणणं हा त्यांचा मोठ्यात मोठा अपमान आहे, कारण कायदा सगळ्यांना कळेल असा लिहिलेला असणं हा नागरिकाचा हक्क आहे, वकिलांच्या पोथीत दडवून ठेवायची विद्या नाही ती.

म्हणून मी म्हणते, हेगेलकडून संस्था घ्यायच्या तर त्याची अटही घ्यावी लागते. संस्थेने स्वतःचं कारण देता आलं पाहिजे, आणि ते कारण तिच्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या विवेकाने पटण्याजोगं पाहिजे. ‘पूर्वीपासून आहे’ हे कारण नाही. जो कॉन्झर्व्हेटिव्ह हे मान्य करतो त्याचं हेगेल-वाचन मी मन लावून वाचते, आणि जो ‘रीतीतली नीती’ घेतो पण परिच्छेद ३ सोडून देतो त्याने हेगेल वाचलेला नाही, बर्कच जर्मनमध्ये वाचलाय.

हे त्या काळातल्या खऱ्या प्रतिगाम्यांना बरोबर कळलेलं होतं बघ. १८४० मध्ये चौथा फ्रीडरिश विल्हेल्म गादीवर आला तेव्हा हेगेलला जाऊन नऊ वर्षं झालेली, पण नव्या राजाला त्याचा विचार विषारी बीजासारखा वाटत होता, त्याने तो उपटायला १८४१ मध्ये शेलिंग या म्हाताऱ्या तत्त्वज्ञाला बर्लिनला आणलं, आणि हेगेलचा शिष्य एडुआर्ड गान्स जिथे शिकवायचा त्या जागेवर फ्रीडरिश यूलिउस श्टालला बसवलं, जो कट्टर ख्रिस्ती राजेशाहीवादी होता आणि हेगेलचा जाहीर विरोधक. शेलिंगच्या त्या व्याख्यानांना एंगेल्स, बाकुनिन आणि किर्केगार्ड बसलेले होते, हे तुला इतर पेपरातही उपयोगी पडेल.

विसाव्या शतकातलं सगळ्यात प्रामाणिक कॉन्झर्व्हेटिव्ह वाचन माझ्या मते म्युन्स्टरच्या योआखिम रिटर या तत्त्वज्ञाचं. १९५७ मध्ये त्याने छोटा निबंध लिहिला हेगेल आणि फ्रेंच राज्यक्रांतीवर, आणि दाखवलं की हेगेलइतका क्रांतीचा तत्त्वज्ञ दुसरा नाही, क्रांतीने जी दुभंगलेली अवस्था आणली, एकीकडे बाजारातला सुटा माणूस, दुसरीकडे त्याचा धर्म, घर, आठवण, ती हेगेल मागे वळवायला बघत नाही, तो ती स्वीकारतो आणि विचारतो की आता दोन्ही बाजू जिवंत कशा ठेवायच्या. रिटरच्या भोवती जी मुलं जमली त्यांनी पश्चिम जर्मनीचा लिबरल कॉन्झर्व्हेटिव्ह विचार घडवला: मार्क्वार्ड, ल्युब्बे, श्पेमान, आणि एर्न्स्ट-वोल्फगांग बोकेनफोर्ड. मार्क्वार्डचं आवडतं सूत्र की पुराव्याची जबाबदारी बदल मागणाऱ्यावर. बोकेनफोर्ड तर सोशल डेमोक्रॅट पक्षाचा सभासद, कॅथलिक, आणि १९८३ ते १९९६ जर्मनीच्या संविधान न्यायालयाचा न्यायाधीश, त्याचं वाक्य जर्मनीत शाळकरी मुलांनाही माहीत असतं, की स्वातंत्र्यवादी सेक्युलर राज्य ज्या गृहीतांवर जगतं त्यांची हमी ते स्वतः देऊ शकत नाही. हे वाक्य हेगेलचा पूर्ण पाया आहे एका ओळीत: कायदा माणसाला प्रामाणिक करू शकत नाही, ते घराने, शाळेने, संघटनेने, धर्माने आधी केलेलं असावं लागतं.

पण काळी बाजू लपवायची नाही. इटलीत हेगेलचे दोन मोठे वारसदार होते, जेंतीले आणि क्रोचे, वर्षानुवर्षं मित्र. एप्रिल १९२५ मध्ये जेंतीलेने फॅसिस्ट विचारवंतांचा जाहीरनामा काढला आणि १ मे ला क्रोचेने त्याला उत्तर देणारा जाहीरनामा. एकाच गुरूचे दोन वाचक, दहा दिवसांत समोरासमोर. जेंतीलेने काय केलं ते नीट बघ, त्याने मधले मजले पाडले. हेगेलकडे कुटुंब आणि नागरी समाज यांना राज्यात शिरल्यावरही स्वतःची जागा राहते, जेंतीलेकडे सगळं राज्यच, माझ्या आतही राज्य. तिथे हेगेल संपतो. जर्मनीत लारेन्त्स, बिंडर यांनी हेगेलची भाषा वापरून नाझी कायद्याची सेवा केली हे खरंच आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, पण कार्ल श्मिट, जो नाझींच्या बाजूचा सगळ्यात हुशार कायदेपंडित, त्याने १९३३ मध्येच लिहून ठेवलं की हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवशी, ३० जानेवारीला, हेगेल मेला असं म्हणता येईल. त्याला म्हणायचं होतं की नियमाने चालणाऱ्या नोकरशाहीचं हेगेली राज्य आता संपलं. तत्त्वज्ञ मार्कूझने १९४१ च्या हेगेलवरच्या पुस्तकाचा शेवट याच वाक्याने केला.

आता दोन जागा जिथे कुठलंही कॉन्झर्व्हेटिव्ह वाचन अडखळायलाच हवं.

पहिली गरिबी. परिच्छेद २४१ ते २४५. बाजार नीट चालू असतानाच, म्हणजे कुणाची चूक नसताना, एकीकडे संपत्ती साठते आणि दुसरीकडे माणसं इतकी खाली जातात की काम करून जगण्याचा मानच त्यांच्या मनातून जातो, त्याला तो ‘पोबेल’ म्हणतो. उपाय? भीक दिली तर स्वाभिमान जातो, काम दिलं तर माल आधीच जास्त झालेला असतो. तो लिहितो की इतकी संपत्ती असूनही हा समाज पुरेसा श्रीमंत नाही. आणि मग उत्तर न देता पुढे वसाहतींकडे जातो. मी इतकी वर्षं शिकवतेय, हे पान वाचताना दरवेळी वर्ग शांत होतो. इंग्लंडमध्ये बोझांकेटसारखा हेगेलवादी ज्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीत होता तिचा भर खासगी दानधर्मावर आणि माणसाचं चारित्र्य तपासून मदत देण्यावर, पण हेगेलचा २४२ उलटं सांगतो: मदत एखाद्याच्या दयेवर जितकी कमी सोडलेली तितकी सार्वजनिक व्यवस्था चांगली. हे पान वगळून हेगेलला बाजारवादी उजवीकडे बसवता येत नाही.

दुसरी जागा बाई. परिच्छेद १६६ मध्ये पुरुषाला राज्य, विज्ञान, झगडा, आणि बाईला कुटुंब. कारण म्हणून ‘निसर्ग’. मला या परिच्छेदाचा राग येतो, आणि मी तो वर्गात लपवत नाही, कारण हा त्याने स्वतःच्याच अटीशी केलेला दगा आहे: जन्माने जागा ठरवू नका म्हणून २०६ मध्ये जातीला नाही म्हणणारा माणूस अर्ध्या माणसांची जागा जन्मानेच ठरवून टाकतो. वरच्या सभागृहात वडिलोपार्जित जमीनदार बसवणं हेही तसंच. इथे तो खरोखर जुन्याला चिकटलाय, आणि त्याला खोडायचं हत्यार त्याच्याच पुस्तकात आहे.

आता वाचायचं कसं. प्रस्तावना शेवटी वाच, सुरुवातीला अजिबात नको, तिने आजवर हजारो वाचकांना चुकीच्या दारातून आत नेलंय. आधी १४२ ते १५७, मग १५८ ते १८१ कुटुंब, मग १८२ ते २५६ सावकाश, तिथे एक महिना गेला तरी चालेल. मग २५७ पासून राज्य, मग परिच्छेद ३, मग प्रस्तावना. इंग्रजीत निस्बेटचं १९९१ चं भाषांतर घे, नॉक्सचं १९४२ चंही चांगलं आहे. एक गोष्ट कायम तपास, परिच्छेदाखाली ‘ॲडिशन’ असं लिहिलेलं असलं तर ते हेगेलने छापलेलं नाही, गान्सने १८३३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांतून जोडलंय. राज्य म्हणजे देवाची जगात चाललेली कूच, हे जे वाक्य हेगेलच्या नावावर फिरतं ते २५८ च्या ॲडिशनमधलं आहे, आणि त्याचं भाषांतरही घसरलेलं. जर्मन वाक्य साधारण एवढंच म्हणतं की राज्य असावं ही या जगातली देवाची चाल आहे, रीत आहे. त्याच ॲडिशनमध्ये पुढे असंही आहे की राज्य ही कलाकृती नाही, ते मनमानीच्या आणि चुकीच्या जगात उभं असतं आणि वाईट वागणुकीने ते बरंच विद्रूप होऊ शकतं. ते कुणी उद्धृत करत नाही.

परीक्षेत प्रश्न आला तर ‘हेगेल कॉन्झर्व्हेटिव्ह होता का’ याला हो किंवा नाही लिहू नकोस. २०६, २११ आणि २४५ हे तीन परिच्छेद लिही, रिटरचं वाचन लिही, हालरवरची फूटनोट लिही. आणि २४५ पर्यंत पोचलीस की मला तुझं टिपण पाठव, त्या पानावर माझंही अजून पूर्ण समाधान झालेलं नाही, नव्या नजरेने कुणी वाचलेलं मला हवंच आहे.